शुक्रवारपर्यंतच्या पाट्या

टेबलाचा सर्वांत खालचा कप्पा ओढलात तर तो आधी अडकेल. जरा वर उचलून ओढा. आत चष्म्याच्या रिकाम्या डब्या आहेत. त्यांतल्या निळ्या डबीत, मऊ फडक्यावर, बोटाएवढा एक काळा तुकडा पडलेला दिसेल. तो मी. मित्रांनो, मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे, आठ जीबीचा. हा आकडा ऐकून तुमच्यातले काही जण गालातल्या गालात हसले असतील. हसा खुशाल. माझ्या पोटात काय आहे ते ऐकलंत की मग बोलू.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही हजारो भावंडं ओळीने निघालो होतो. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला यंत्रात खोचलं, हिरवा दिवा लागला आणि मी पास झालो. आयुष्यात मी दिलेली ती एकुलती एक परीक्षा. मग पुठ्ठ्याच्या वेष्टनात बसून प्रवास, आणि मग बसस्थानकासमोरच्या एका दुकानात खिळ्याला लटकणं. माझ्या शेजारी माझ्या चौपट पोटाचा, लाल, चकचकीत असा एक होता. तो आठवड्यात विकला गेला. मी सहा महिने लटकलो.

एके दिवशी एक दणकट, मिशीवाला माणूस दुकानात आला. दुकानदाराने विचारलं, "ऑफिसच्या कामाला हवाय का?"

"नाही," तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "गेम न्यायचाय."

दुकानदाराने त्याच्या मिशांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि मला खिळ्यावरून काढलं. ते माझ्या गोष्टीतल्या मुलीचे बाबा. मीही त्यांना बाबाच म्हणतो.

बाबा बोगदे खणायचे. डोंगर पोखरणाऱ्या भल्या मोठ्या मशीनवर ते ऑपरेटर होते. साइट घरापासून बसने सात तासांवर, त्यामुळे पंधरा दिवसांनी एक रविवार काय तो घरी. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचं खरं नाव मी फारसं ऐकलंच नाही, कारण बाबा तिला 'मुकादम' म्हणायचे. घरात कुणी कुठे बसायचं, कुणी आधी आंघोळीला जायचं, हे सगळं ती ठरवायची, आणि बाबा सात तास बसचे धक्के खात आलेले असले तरी निमूटपणे ऐकायचे.

दोघांचा मिळून एक गेम होता. त्यात एक बेट होतं आणि बेटाच्या मधोमध डोंगर. डोंगराच्या अलीकडे मुकादमचं गाव: विहीर, शाळा, बदकांचं तळं आणि उगाचच बांधलेले चार पूल. पलीकडच्या रिकाम्या किनाऱ्यावर बाबा. बाबांनी बोगदा खणत खणत मुकादमच्या गावात यायचं, असं ठरलं होतं.

आई म्हणायची, "दिवसभर खरा डोंगर फोडून हौस फिटत नाही का तुमची, म्हणून संध्याकाळी खोटा फोडायचा?"

"खोट्या डोंगरात धूळ नाही गं," बाबा म्हणायचे. "आणि तिथला मुकादम मायाळू आहे."

साइटवर इंटरनेट नव्हतं. बाबांच्या पत्र्याच्या खोलीत आधीच्या कुणा इंजिनिअरने टाकून दिलेला एक संगणक होता, तेवढाच. म्हणून मी. तुम्हाला ठाऊकच आहे, खेळून झालं की गेम सेव्ह करतात, म्हणजे आपण कुठवर आलो ते एका फाइलमध्ये लिहिलं जातं. ती फाइल गेली की बेट पुन्हा कोरं. ती माझ्या पोटात घालून बाबा ये-जा करायचे. एक पंधरवडा मुकादमचा, एक पंधरवडा बाबांचा. ज्याच्याकडे मी, त्याचा डाव. बाबांच्या शर्टाच्या खिशाला आईने खास माझ्यासाठी झाकण शिवून बटण लावलं होतं. मी घरी पोचलो की मुकादम चष्म्याच्या फडक्याने मला पुसायची आणि म्हणायची, "आला माझा निरोप्या!" त्या एका हाकेसाठी मी सात तास घामट खिशात आनंदाने बसायचो. खोटं कशाला बोलू?

आईचा मात्र एक नियम होता. बाबा घरी असलेल्या रविवारी संगणक लावायचा नाही. "पंधरा दिवसांनी माणूस घरी येतो, आणि तुम्ही दोघं पडद्यात तोंड घालून बसणार? चालायचं नाही." म्हणून बाबांनी काय खणलं ते मुकादम सोमवारी शाळेतून आल्यावर बघायची. तोवर बाबा परत साइटवर.

पहिल्याच वर्षी एक घोळ झाला. मी बाबांकडे असताना मुकादमला राहवलं नाही. घरच्या संगणकावर जुनी प्रत होती, तिच्यावर तिने आठवडाभर चोरून खेळून शाळेला गच्ची बांधली. मी परत आलो तेव्हा एका बेटाच्या दोन प्रती झाल्या होत्या. एकीत गच्ची, एकीत चाळीस पावलं बोगदा. या दोन्ही एकत्र शिवता येत नाहीत, एक ठेवायची तर दुसरी टाकावी लागते. गच्ची गेली. मुकादम दोन दिवस धड जेवली नाही. तेव्हा शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी तिला समजावलं, "नेहमी दोन ठिकाणी बॅकअप ठेवायचा. आणि कुठली प्रत खरी ते कळेनासं झालं, तर तारीख बघायची. नंतरची तारीख ती खरी." मुकादमने हे लाल पेनने चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं.

सल्ल्यात काही खोट नव्हती. फक्त बाईंनी साइटवरचा संगणक पाहिलेला नव्हता. त्याच्या घड्याळाचा आतला सेल कधीच संपला होता. लाइट गेली की तो तारीख विसरायचा आणि पुन्हा चालू केला की दहा वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीवर जाऊन बसायचा. साइटवर लाइट रोज जायची. बाबा आधी "ये रे बाबा शुद्धीवर" म्हणत हाताने तारीख घालायचे आणि मगच गेम उघडायचे. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसेल.

अशी अडीच वर्षं गेली. बोगदा डोंगराच्या पोटात बराच आत आला होता. मुकादम साडेअकरा वर्षांची झाली होती. ती माझी सुखाची वर्षं, मित्रांनो. तेव्हा मला वाटायचं की हे असंच चालणार.

एका पंधरवड्यात मी साइटवर असताना बाबांना बदलीचा कागद मिळाला. इथलं काम संपत आलं होतं. पुढचं काम फार लांब होतं, आणि दीड वर्ष घरी येता येणार नव्हतं. त्यांनी आईला ऑफिसच्या फोनवरून कळवलं. शेजारच्या खोलीतले स्टोअरकीपर चहाचा पेला घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "आणि पोरीला?"

"तिला मी सांगतो. बायकोलाही म्हटलंय, मीच सांगणार."

"काय सांगणार?"

"तेच तर जमत नाही ना!" बाबा म्हणाले. "समोर उभी राहिली की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. बोगद्यात पाट्या लावतो. सोमवारी वाचेल."

 स्टोअरकीपर पेला घेऊन निघून गेले.

गेममध्ये लाकडी पाट्या लावता येतात, त्यांवर चार ओळी लिहिता येतात. बाबा रोज संध्याकाळी थोडं खणायचे आणि एक पाटी लावायचे. मशीनचे दांडे ओढणारी ती जाड बोटं एकेक अक्षर शोधत कीबोर्डवरून फिरायची. शनिवारी दुपारी लाइट गेली. ती आली तेव्हा बाबांना सामान बांधायचं होतं, खोलीची किल्ली द्यायची होती, आणि शेवटची पाटी लिहायची होती. त्या गडबडीत तारीख घालायची राहिली. त्यांनी डोंगराची शेवटची भिंत फोडली, पलीकडे मुकादमच्या गावात पाटी लावली, सेव्ह केलं आणि गेमचा सगळा फोल्डर माझ्यात घातला. त्या फाइलवर तारीख पडली ती एक जानेवारी, दहा वर्षांपूर्वीची.

रविवारी घरी सगळे जरा जास्तच हसत होते. निघताना बाबांनी मुकादमच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले.

"उद्या नीट बघा हं, मुकादम. घाई करायची नाही."

"बाबा, बस चुकेल तुमची," ती म्हणाली. ते गेले.

सोमवारी तिने मला संगणकाला लावलं आणि सवयीप्रमाणे आधी तारीख बघितली. मग तिने कपाळावर हात मारला. "बाबा पण ना! कुठली जुनीपुराणी फाइल उचलून आणलीये." पडद्याच्या कडेला चिठ्ठी होतीच. घरच्या प्रतीवर पंधरा दिवसांपूर्वीची तारीख होती, म्हणजे ती नंतरची, म्हणजे ती खरी. तिने ती माझ्यात घालायला घेतली. पडद्यावर प्रश्न आला, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?

मित्रांनो, मला तोंड नाही. असतं तर त्या दिवशी मी घर डोक्यावर घेतलं असतं. तिने 'हो' दाबलं. क्षणभर माझा दिवा लुकलुकला आणि शनिवार माझ्यातून पुसला गेला. काय पुसलं गेलं ते मला आज आठवत नाही, कारण आमचं पुसणं म्हणजे खरोखरचं पुसणं असतं.

तो पंधरवडा घरात विचित्र गेला. मुकादम घुश्शात होती, गेम उघडतही नव्हती, कारण तिच्या मते बाबांनी एक पाऊलसुद्धा खणलं नव्हतं. आईला वाटलं, पोरीने वाचलंय, म्हणून गप्प आहे. जखमेवर बोट ठेवायला नको म्हणून तीही काही बोलली नाही. एकाच जेवणाच्या टेबलाशी दोघी दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी गप्प बसायच्या, आणि ते ठाऊक असलेला एकटा मी, टेबलाच्या कोपऱ्यात पडून होतो.

मग तो रविवार आला. मुकादमने सकाळीच मला फडक्याने पुसून जिन्याच्या खिडकीशी ठेवलं आणि स्वतः बाजूला बसली. दहाची बस येऊन गेली, बाराची गेली. आई जेवायला बोलवायला आली.

"इथे काय करतेयस?"

"बाबांची वाट बघतेय."

आई जिन्यातच थांबली. "अगं, बाबांनी तुला सांगितलं ना?"

"काय?"

आईने तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं. दीड वर्ष. मुकादम आधी म्हणाली, "खोटं." मग म्हणाली, "मला का नाही सांगितलं?" मग तिला रडू फुटलं. आई तिची पाठ चोळत राहिली. "पाट्या लावल्यात म्हणाले होते. तू वाचल्या नाहीस?"

"कुठल्या पाट्या? त्यांनी जुनी फाइल आणली होती. दहा वर्षांपूर्वीची."

आईचा हात थांबला. "दहा वर्षांपूर्वी तू दीड वर्षाची होतीस. तुझे दातसुद्धा पुरते आले नव्हते. तेव्हा कुठला आलाय हा गेम?"

 मुकादम मला मुठीत धरून धावतच वर गेली. आईही मागोमाग आली. आईला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण काचा तपासून तपासून तिची नजर अशी तयार झाली आहे की केसाएवढा ओरखडा तिला आधी दिसतो. मुकादम हुंदके देत गेमची मुख्य फाइल पुन्हा पुन्हा बघत होती. आईने पडद्यावर बोट टेकवलं.

"आणि ही खालची, बारीकशी? हिच्यावर तर तारीख बरोबर आहे. त्या आठवड्यातल्या शुक्रवारची."

माझा जीव भांड्यात पडला. अखेर कुणीतरी तिकडे बघितलं! हा गेम नवीन सेव्ह करताना आधीचं सेव्ह एका वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये आपणहून बाजूला ठेवतो. बाबांनी सगळा फोल्डर घातला होता, त्यातून तीही आली होती. मुकादमने बदलली होती फक्त मुख्य फाइल. शुक्रवार पंधरा दिवस माझ्यात बसून होता.

यावेळी तिने घाई केली नाही. डोळे पुसले, हात फ्रॉकला पुसले. उघडण्याआधी त्या फाइलची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली, एक आईच्या जुन्या फोनमध्ये. मग गेमला ती उघडता यावी म्हणून घरच्या प्रतीचं नाव बदललं आणि गेम चालू केला. माझ्यातल्या फाइलला तिने हातही लावला नाही.

बोगद्यात अकरा पाट्या होत्या. मुकादम मोठ्याने वाचत गेली, आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"काम चालू आहे. मुकादमांनी हेल्मेट घालावे."

"इथला खडक फार हट्टी निघाला. घरातल्या एका व्यक्तीची आठवण झाली."

"आई म्हणते ते बरोबर आहे, खोट्या डोंगरातही पाठ दुखते."

दोघी हसल्या. रडतारडता हसल्या. नवव्या पाटीवर बदलीची बातमी होती. दहावीवर लिहिलं होतं, "समोर सांगायचा धीर झाला नाही. बाप असून घाबरतो, हसू नकोस." आणि अकरावीवर, शेवटच्या भिंतीशी, "उद्या भिंत फोडतो. पलीकडे तुझ्या गावात एक पाटी लावीन. खरं काय ते तिच्यावर लिहितो."

पुढे भिंत. ती शुक्रवारी होती तशीच, अखंड उभी. तिच्यापलीकडे तळं होतं, बदकं होती, पण बारावी पाटी नव्हती. मुकादम कितीतरी वेळ त्या भिंतीकडे बघत बसली. "खरं काय ते मी पुसून टाकलं, आई," ती म्हणाली. 

संध्याकाळी बाबांचा फोन आला, तिकडे गेल्यापासूनचा पहिलाच. नव्या जागी खोलीवर रेंज नव्हती. आठवड्यातून एकदा टेकडी चढून येऊन फोन करावा लागे. आवाज तुटत होता म्हणून आईने फोन मोठ्याने लावून टेबलावर, माझ्या शेजारीच ठेवला. मुकादमने एका दमात सगळं कबूल केलं. तारीख, चिठ्ठी, 'हो' दाबलं ते. बाबा म्हणाले, "चूक माझी आहे. मी तारीख घातली नाही."

"बाबा, शेवटच्या पाटीवर काय होतं?"

"काही विशेष नाही गं."

"सांगा ना. मी खूप शोधलं."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. मग बाबा म्हणाले, "अभ्यास नीट कर, आईला त्रास देऊ नकोस."

"एवढंच?"

"एवढंच होतं." मग बाबा म्हणाले, "लिहायला बसलो होतो दुसरंच. तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी ते अभ्यासाचं लिहून उठलो."

"दुसरं काय होतं?"

बाबांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता रेंज गेली असं म्हणतील. पण ते म्हणाले, "मला तुझ्याशिवाय करमत नाही, मुकादम. इतकी वर्षं जातोय, पण एकदाही करमलेलं नाही."

मुकादमने फोन उचलून कानाशी घट्ट धरला, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं नाही.

ती भिंत तिने फोडली नाही. बाबा आल्यावर दोघांनी मिळून फोडायची, असं ठरलं. ती आता त्या बेटावर खेळत नाही. प्रती दोन ठिकाणी आहेत, आणि तिसरा मी. "याला आता कुणी हात लावायचा नाही," म्हणून तिने स्वतःच मला निळ्या डबीत घालून या कप्प्यात ठेवलं. तिने ते प्रेमानेच केलं हे मला कळतं. तरीही मित्रांनो, कप्पा तो कप्पाच. खिशातला घाम, बसचे धक्के, निरोप्या म्हणून मारलेली हाक, यांची मला फार आठवण येते. रविवारी संध्याकाळी फोन वाजतो तो लाकडातून ऐकू येतो. मी ते रविवार मोजतो. छप्पन्न झाले. मुकादमचा आवाज जरा भरदार झालाय. बाबांचा मला ऐकू येत नाही, पण ती मोठ्याने हसली की त्यांनी काहीतरी म्हटलं असेल असा मी अंदाज करतो.

एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नाही. आम्हाला वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की आमची आठवण हळूहळू विरू लागते. परवा मी सगळ्या पाट्या मनातल्या मनात म्हणून बघितल्या. तिसरीशी जरा अडखळलो, मग आठवली.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्या घरी कुठल्या कप्प्यात माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर वर्षातून एकदा त्याला काढा, लावा, त्याच्यात काय आहे ते उघडून बघा आणि नवी प्रत करून ठेवा. नुसत्या तारखेवर जाऊन काही पुसू नका. पण कुणाला काही सांगायचं असेल, तर ते माझ्या भरवशावर ठेवू नका, त्याला सांगून टाका. शुक्रवारच्या अकरा पाट्या मी सांभाळल्या. बारावी राहिली असती तरी तिच्यावर अभ्यासच होता. बाबांनी तीनदा खोडलं, ते माझ्याकडे कधी आलंच नव्हतं.